पांढरं गार लागतं

१

गावची गोगो, म्हणजे आजी, मा-भेंगू गेली त्याच दिवशी तिचा कुत्राही मेला, आणि सगळा घोळ तिथे झाला. म्हातारी एकटीच गेली असती तर कुणी हूं की चूं केलं नसतं. साखरेचं दुखणं जुनं, पायाची जखम भरत नव्हती, रोज सकाळी पोटात इन्सुलिनची सुई. डॉक्टरने कागदावर 'साखर' लिहिलं आणि तो मोकळा झाला. आमच्या भाषेत त्या रोगाला वेगळं नाव नाहीच. डब्यातली साखर ती शुकेला आणि रक्तातली तीही शुकेला. इथे डर्बनच्या बाजूला सगळीकडे ऊस, कारखान्याच्या मळीचा वास थेट उशीपर्यंत, आणि घराघरात एकाला तरी शुकेला झालेली. मलाही आहे. मी गोळ्या खाते आणि चहात दोन चमचे घालते, मला कुणी शिकवायला येऊ नये.

कुत्र्याचं नाव बाझोथिनी, म्हणजे 'लोक काय म्हणतील'. आमच्याकडे कुत्र्याचं नाव ठेवतात ते शेजाऱ्यांना ऐकवायला. मा-भेंगूचा मुलगा अपघातात गेला तेव्हा सगळे तिला सांगत होते की विधवा सुनेला माहेरी धाड. तिने धाडलं नाही. कुत्रा पाळला, आणि रोज दारात उभी राहून मोठ्याने त्याला हाका मारायची. शेजारणींना काय समजायचं ते समजायचं. असा तो बाझोथिनी म्हातारीची लापशीची उरलेली वाटी चाटून अंगणात झोकांड्या खायला लागला, त्याला झटके आले, आणि दिवस मावळायच्या आत गेला. मग लोकांना जे म्हणायचं होतं ते लोक म्हणायला लागले.

मी एडिथ मजोला. पोलिसात सार्जंट होते, आता पेन्शनवर आहे आणि गुडघ्यांवर चिडून असते. मा-भेंगू माझी चर्चमधली मैत्रीण, गाण्यात माझ्या शेजारी उभी राहायची आणि मुद्दाम बेसूर गायची. तिच्या मरणाची बातमी ऐकून मी दोन दिवस धड जेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी वुसुमुझी शोझी माझ्या दारात आला. मा-भेंगूच्या नवऱ्याचा हा धाकटा भाऊ, एके काळचा बसड्रायव्हर, आणि भाऊ गेल्यापासून त्या घरातला कर्ता पुरुष.

"शनिवारी माती आहे," तो म्हणाला. "शुक्रवारी घरची बैठक. तू कायद्याची बाई. सुनेने कुठलं विष घातलं एवढंच फक्त शोधून दे."

"कुणी घातलं ते नको शोधू?"

"ते ठाऊक आहे ना," तो म्हणाला. "तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय."

२

शोझींच्या घरी पोचले तर बायका अंगणात भांडी घासत होत्या आणि आतल्या खोलीत शोकाच्या गादीवर मा-भेंगूची लेक खेतिवे काळी शाल लपेटून बसली होती. ती डर्बनला एका मोठ्या कपड्याच्या दुकानात कामाला असते. मला कुणीतरी चहा दिला, गोड, मला लागतो तसा. सून कुठे आहे विचारलं तर सगळ्या जणी एकदम भांड्यात बघायला लागल्या.

सून दुदूझिले मागे पाण्याच्या टाकीपाशी बसली होती. तिला सगळे दुदू म्हणतात. घरात यायची तिला बंदी होती. सासूच्या प्रेताजवळ जायची परवानगी तर नव्हतीच. तिच्या दोन मुली शेजारी भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. दुदूचे आईबाप नाहीत, भाऊ कुठल्याशा वस्तीत पत्र्याच्या एका खोलीत बायकोपोरांसह राहतो. शुक्रवारच्या बैठकीत तिला जा म्हटलं की ती कुठे जाणार, हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

तिच्याशी बोलायच्या आधी मी पलीकडच्या घरच्या मा-झोंडीला गाठलं, कारण सगळ्या गावाची बातमी तिच्या कुंपणावरून जाते. ती म्हणाली की त्या सकाळी दुदू ओरडत होती, दवाखान्यात फोन लावून. मा-झोंडीने शब्द न् शब्द ऐकला होता, आणि ती तो मला ऐकवायला आतुर होती. दुदू म्हणत होती: मी त्यांना पांढरं दिलं, परत दिलं, खूप दिलं, आता त्या उठत नाहीत.

"पांढरं," मा-झोंडी म्हणाली. "आता तुम्हीच सांगा सार्जंट, पांढरं म्हणजे काय असतं? उंदराचं औषध पांढरं असतं. उसावर मारायची ती भुकटीही पांढरी असते."

मी म्हटलं, तुझ्या चुलीवरचं दूधही पांढरं आहे, ते उतू जातंय, आधी ते बघ. पण परत टाकीपाशी गेले ती पोलिसाच्या नजरेनेच. खून पचवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, त्या अशाच भिंतीला पाठ लावून बसतात.

दुदूने माझ्याकडे वर पाहिलं. मी काही विचारायच्या आतच ती बोलली.

"हो मा मजोला. मीच दिलं पांढरं. माझ्या हाताने."

३

मी तिथेच दगडावर बसले. म्हटलं, पांढरं म्हणजे काय ते नीट सांग. ती सांगेना. मी जरा आवाज चढवला तर धाकटी मुलगी रडायला लागली. मग दुदूने घराकडे बोट केलं. "आईंच्या उशाशी निळ्या झाकणाचा डबा आहे ना, त्यातलं."

"अगं तो साखरेचा डबा आहे."

"तेच ते."

"मग साखर म्हणायला काय झालं? जीभ झडते का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. मा-भेंगूच्या नवऱ्याचं नाव काय होतं? शुकेला शोझी. कारखान्याच्या चाळीत जन्मला म्हणून त्याच्या बापाने ठेवलेलं. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्या नावाचा शब्दही तोंडात आणायचा नाही, ही आमची रीत. हल्लीच्या पोरी हसतात, पण दुदूने लग्न होऊन आल्यापासून पाळली होती. सासूनेच तिला 'पांढरं' हा शब्द दिला होता, घरातल्या घरात. डब्यातली साखर पांढरं, आणि सासूच्या अंगातली साखरही पांढरं.

मला हसू आलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. विषबिष काही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेत सगळे. पण ते हसू फार टिकलं नाही, कारण दुदू पुढे सांगत गेली.

म्हातारीचं पोट आठवडाभर बिघडलेलं होतं, काही खाल्लं की जुलाब. त्या सकाळी सुई टोचून झाली, दुदूने लापशी दिली, वर पांढरं भुरभुरवून दिलं, म्हातारीने चार घास खाऊन वाटी सारली. थोड्या वेळाने तिला घाम फुटला, हात कापायला लागले, शब्द अडखळायला लागले. हे आधीही व्हायचं. सुईच्या औषधाने अंगातली साखर फार खाली गेली की असं होतं, आणि दवाखान्यातल्या सिस्टर न्तोंबेलाने दुदूला बजावून ठेवलं होतं की तेव्हा लगेच तोंडात साखर घालायची. म्हणून तर तो डबा उशाशी होता. दर वेळी दोन चमचे घातले की म्हातारी सावरायची आणि वर शिव्या द्यायची की मला घोडा समजतेस काय, तोबरा भरतेस.

"या वेळी दोन चमचे घातले. मग अजून दोन. मग मोजलेच नाहीत. गालात भरलं, वर पाणी घातलं. त्या गिळत होत्या मा मजोला, मी बघत होते ना, त्या गिळत होत्या. तरी घाम थांबेना. मग डोळे फिरवले."

दवाखान्याची गाडी आली तेव्हा उशीर झाला होता. उरलेल्या लापशीचं दुदूला भान नव्हतं, ती वाटी कुत्र्याने चाटली.

मी विचारलं, शेवटी काही बोलली का ती? दुदू म्हणाली, तेच जे आठवडाभर म्हणत होती. पांढरं गार लागतं. जिभेवर ठेवलं की गार लागतं. सगळ्यांना वाटलं म्हातारी भ्रमली.

मलाही तसंच वाटलं. मरायला टेकलेलं माणूस काहीही म्हणतं. मी म्हातारीचं ते बोलणं तिथेच सोडून दिलं, आणि पुढे दोन दिवस वणवण केली ती त्याच चुकीने.

४

खेतिवेकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. लहानपणी तिला मी कडेवर घेतलेलं, तरी गादीवर बसलेल्या लेकीशी बोलताना आवाज खाली ठेवावा लागतो. 'पांढरं' म्हणजे काय हे तिला आधीपासून ठाऊक होतं. काकाने विष विष केलेलं तिलाही पटलं नव्हतं.

"विष कशाला लागतंय?" ती म्हणाली. "माझ्या आईला शुकेला झालेली, आणि ती बाई तिला चमच्या-चमच्याने साखर भरवते. नर्सने सांगितलं होतं साखर तिचा जीव घेईल म्हणून. तिला ठाऊक होतं. तरी भरवली."

मी तिला सुईचं, घामाचं, साखर खाली जाण्याचं समजावून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. साखरेच्या माणसाला साखर वाढून मरण येतं, हे तिला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं मला माझं नाव ठाऊक नाही. ती रडत होती आणि चिडलेलीही होती. आईवर तिचा जीव होता, ते खोटं नव्हतं. येताना दर वेळी औषधं आणायची, मोजे आणायची, आईच्या पायाची जखम स्वतः धुवायची.

मग ती म्हणाली, "आणि मा मजोला, सगळ्यात वाईट काय माहितीये? या घरात साखर नव्हतीच. एक दाणा नव्हता. तिने चोरून बाहेरून आणली."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आदल्याच दिवशी मी या घरात गोड चहा प्यायले होते. निळ्या झाकणाचा डबा तिच्या पाठीमागेच होता, अर्धा भरलेला, पांढराशुभ्र. काखेत कळसा म्हणतात तो हाच, पण मला वाटलं दुःखाने पोरीचं डोकं फिरलंय. दोघींपैकी एक तरी खोटं बोलत होती, आणि मला दोघींच्याही चेहऱ्यावर खोटेपणा सापडत नव्हता.

बाहेर येऊन मी सिस्टर न्तोंबेलाला फोन लावला. तिने दुदूचं सगळं खरं ठरवलं. म्हातारीची साखर फार घसरत होती, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी तिनेच दुदूला सांगितलं होतं की साखरेकडे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, अशीच घसरली तर ती जीव घेईल, आणि लेकीलाही कळवा. मग तिने मलाच विचारलं, तोंडात एवढी साखर गेल्यावर म्हातारी शुद्धीवर यायलाच हवी होती. का नाही आली?

फोन ठेवला तरी मी तेच घोळवत होते. आणि कुत्र्याचं काय? साखरेने कुत्रा कधी मेलाय?

५

शुक्रवारी सकाळी अंगणात भांडण लागलं. मातीच्या जेवणासाठी वाफेवरचे पाव करायचे होते. बायकांनी कोमट पाण्यात यीस्ट आणि घरातली साखर कालवून ठेवली, फेस यायला. फेस येईना. यीस्ट जुनं असेल म्हणून नवं पाकीट आणलं, तेही पाण्यासारखं पडून राहिलं. मा-झोंडीने लगेच निकाल लावला की या घराला शाप लागलाय, जिच्या हाताने सासू गेली तिने त्या चुलीला हात लावलाय, आता इथे काही फुगायचं नाही. दोघीतिघींनी माना डोलावल्या. टाकीपाशी दुदूने ते ऐकलं आणि मुलींना जवळ ओढलं.

तेवढ्यात वुसुमुझीने सांगून ठेवलेला टेम्पो आला. मैदा, बटाटे, आणि साखरेचं पोतं. कुणीतरी म्हटलं, पुन्हा एकदा करून बघू. तेच नवं पाकीट, त्याच किटलीतलं पाणी, साखर तेवढी पोत्यातली. मी माझा चहा संपवेपर्यंत पातेल्यातून फेस वर आला होता.

बायका देवाचे आभार मानायला लागल्या. मी मात्र उठून पातेल्यापाशी गेले. यीस्ट तेच. पाणी तेच. हातसुद्धा मा-झोंडीचाच. वेगळी होती ती फक्त साखर. पोत्यातली साखर यीस्टने खाल्ली आणि घरातली तोंडात धरली नाही. गोड तर दोन्ही होत्या.

आणि मग मला आमच्या पोलीस पथकातला कुत्रा आठवला. मोठा देखणा कुत्रा. त्याच्या हवालदाराचं दात सांभाळायचं वेड, म्हणून खिशात बिनसाखरेचं च्युइंगगम. कुत्र्याने अख्खं पाकीट खाल्लं, झोकांड्या खाल्ल्या, झटके आले, गेला. जनावरांच्या डॉक्टरने तेव्हा सांगितलं होतं की त्यात झाडापासून काढलेली एक गोडी असते, साखरेसारखी दिसते, साखरेसारखीच लागते, माणसाला फार तर जुलाब होतात, पण कुत्र्याला ती मारते. हवालदार त्या दिवशी लहान पोरासारखा रडला होता. त्याला मी विचारलं होतं, तुला कसं कळलं नाही रे, चव वेगळी नसते? तो म्हणाला होता, चव तीच, सार्जंट. फक्त जिभेवर गार लागते.

म्हातारी भ्रमली नव्हती. ती आठवडाभर आम्हाला खुनाचं हत्यार काय ते सांगत होती, आणि आम्ही तिच्या अंगावर पांघरूण घालत होतो.

खेतिवेही खोटं बोलली नव्हती. या घरात साखर नव्हती. आणि ते ठामपणे सांगू शकेल असं माणूस एकच होतं, ज्याने ती काढून टाकली.

६

बैठक आतल्या खोलीत भरायची होती. मी वुसुमुझीला म्हटलं, आधी आपण चौघंच बसू. त्याला दुदूला आत घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, मग मी अंगणात सगळ्यांसमोर बोलते. तेव्हा घेतली.

खेतिवे गादीवर होती. मी निळ्या झाकणाचा डबा तिच्या पुढ्यात ठेवला आणि विचारलं, यात काय आहे पोरी?

तिने लपवलं नाही. उलट तिला बरंच वाटलं कुणीतरी विचारलं म्हणून. डर्बनच्या एका औषधांच्या दुकानातून आणलेली, झाडाची साखर, शुकेलाच्या माणसांसाठीच असते. आई पथ्याचं नाव काढलं की भांडायची, म्हणून गुपचूप बदलली. स्वयंपाकघरातला डबाही आणि हाही. आधीची सगळी साखर शेणखतात ओतली. आईला अदलाबदल कळली नाही, याचा तिला केवढा आनंद झाला होता. "आता सांगा, मी एवढं केलं, आणि हिने बाहेरून साखर आणून..."

"तिने बाहेरून काही आणलं नाही," मी म्हटलं. "तिने या डब्यातलंच दिलं."

मी सावकाश सांगितलं. सुई टोचली की अंगातली साखर उतरते. फार उतरली की जीव जातो, आणि तेव्हा वाचवते ती फक्त खरी साखर. तुझ्या आईच्या तोंडात चमच्यामागून चमचा जे गेलं ते गोड होतं, पण त्याने तिची साखर वर येणारच नव्हती. यीस्ट त्याने उठलं नाही, तशी तीही उठली नाही. जुलाब त्याचेच. पोटात अन्न टिकत नव्हतं म्हणून सुई जास्तच लागली. कुत्राही त्यानेच गेला. विष कुणी घातलं नाही. कुणाचं वाईट कुणाच्या मनात नव्हतं.

वुसुमुझी खोकला. खेतिवेने डबा जवळ ओढला. मग तिने झाकण काढलं, बोटाने चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली.

"गार लागतंय," ती म्हणाली. "तिने मला फोनवर सांगितलं होतं. मी हसले होते."

मला वाटलं झालं, आता खेतिवे उठेल, वहिनीला मिठी मारेल, दोघी रडतील, आणि त्या मुली घरात येतील. खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात मा-भेंगूला सांगूनही टाकलं होतं की तुझं घर वाचलं.

पण दुदू बोलली. खाली बघत, अगदी हळू; नणंदेला ती सिसी, म्हणजे ताई, म्हणायची. "सिसी, तुम्ही डबा का बदलला? तो तिथे असायलाच हवा होता. मी तुम्हाला नर्सचा निरोप दिला होता."

"त्या निरोपानेच तर बदलला," खेतिवे म्हणाली. "तू म्हणालीस, नर्स म्हणाल्या आईच्या पांढऱ्याकडे लक्ष ठेवा, ते तिचा जीव घेईल. मी लगेचच्या शनिवारी आले तर तेच पांढरं डबाभर तिच्या उशाशी."

"मी अंगातल्या पांढऱ्याचं म्हटलं होतं."

"मला कसं कळणार?"

नर्स म्हणाली होती, साखर घसरतेय. दुदूला साखर म्हणता येत नव्हतं. तिच्याकडे दोन्हींना शब्द एकच, तोही सासूने दिलेला. सासऱ्याचा मान राखायला तिने तो फोनवरून तसाच पुढे दिला, आणि लेकीने आईवरच्या मायेने तो ऐकला.

दुदूने तोंडावर हात दाबला. तिने काय केलं ते तिला कळलं होतं, आणि मला वाटतं वुसुमुझीलाही त्याच क्षणी कळलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं.

"म्हणजे शेवटी हिच्याच जिभेने," तो म्हणाला.

मी त्याला झाडलं. जे तोंडात आलं ते बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सार्जंट, तू शहाणी आहेस. पण गावाला काय सांगू? झाडाची साखर, यीस्ट, च्युइंगगम? हात तिचा, तोंड तिचं, ते सगळ्यांनी पाहिलंय, ऐकलंय. कुत्र्याचं नाव आठवतं ना?"

मी खेतिवेकडे वळले. म्हटलं, तू बोल. घर तुझ्या आईचं आहे. हिला ठेव म्हटलंस तर काकाची बिशाद नाही. ती डब्याचं झाकण लावत होती. ते नीट बसत नव्हतं, ती पुन्हा पुन्हा दाबत होती.

"मला हिच्याकडे बघवत नाही मा मजोला," ती म्हणाली. "हिच्याकडे बघितलं की मी काय केलं ते दिसतं. जाऊ दे तिला."

दुदू उठली. "मातीला तरी येऊ द्या," एवढंच तिने मागितलं.

७

शनिवारी ऊन कडक होतं. कुणीतरी मागच्या शेतातला ऊस पेटवला होता आणि काळी पानं उडत कबरीवर येऊन पडत होती. मा-भेंगूला नवऱ्याच्या शेजारी जागा दिली. त्याच्या दगडावर नाव ठळक होतं, शुकेला शोझी. आम्ही गायलो. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, आणि बेसूर गायला कुणी नव्हतं म्हणून मला सूर सापडेना.

माती घालताना आधी वुसुमुझी, मग खेतिवे, मग आम्ही बाकीचे. दुदू सगळ्यांच्या मागे उभी होती. मुलींच्या पाठीवर शाळेची दप्तरं, त्यात कपडे कोंबलेले. भावाकडे जायची गाडी रस्त्यावर थांबली होती. बायकांनी तिला वाट दिली ती अंग चोरून, शाल लागू नये म्हणून.

तिने माती उचलली. मग मूठ सोडली आणि वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, ती सासूशी बोलली.

"तुम्हाला शुकेला हवी होती, आई. मी शुकेला म्हणायला हवं होतं."

त्या घरात आल्यापासून तो शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. मा-झोंडीने श्वास आत ओढला. मी वुसुमुझीकडे पाहिलं, आता हा टोकणार. भावाच्या कबरीसमोर भावाचं नाव, तेही दोनदा. एरवी त्याने सबंध गाव डोक्यावर घेतलं असतं.

तो काही बोलला नाही. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नसतं, आणि ती आता त्या घरची सून नव्हती.